लमसम कोटेशन दिलं आणि नफा गेला: घराच्या कामाचा अंदाज कागदावर कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचे एक तरुण कंत्राटदार काही वर्षं दुसऱ्याकडे सुपरवायझर होते, आता स्वतः इंटिरियरची कामं घेतात. मुलुंडच्या एका टू बीएचकेचं कोटेशन त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत, लमसम म्हणजे सगळ्याची मिळून एकच रक्कम असं दिलं: ‘फर्निचर, सीलिंग, रंग, इलेक्ट्रिक सगळं मिळून ९ लाख.’ काम निम्म्यावर आलंय. घरमालक आता लॉफ्ट (कपाटावरचा माळा), पडद्यांचे पेल्मेट (रॉड झाकणारी पट्टी) आणि बाल्कनीतलं स्टोरेज हेही त्या ‘सगळं’मध्येच धरतात. हातातले पैसे संपत आलेत. त्यांचं विचारणं असं, की रेट कमी लागला का, आणि पुढचं कोटेशन कसं लिहू?

रेट कमी लागला असेल किंवा नसेलही, तो पुढचा भाग. ९ लाखांत काय येतं आणि काय येत नाही हे कुठेच लिहिलेलं नाही, खरी अडचण तिथे आहे. कागदावर न आलेलं प्रत्येक काम घरमालकाच्या हिशेबात तुमच्या रकमेच्या आत असतं आणि तुमच्या हिशेबात बाहेर. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. त्या माणसाला लबाड समजू नका. मुंबईत घर घेताना डाउन पेमेंट, कर्ज, स्टॅम्प ड्युटी, सोसायटीचं ट्रान्स्फर यांत त्याचा खिसा आधीच रिकामा झालेला असतो. इंटिरियरला त्याने एक रक्कम बाजूला काढलेली असते आणि तुमचा ९ लाखांचा आकडा ऐकून ‘बसलं एकदाचं’ म्हणून तो सुटकेचा श्वास सोडतो. त्यानंतर प्रत्येक वाढीव २० हजार त्याला फसवणुकीसारखे वाटतात. म्हणून ही सगळी बोलणी काम सुरू होण्याआधी, कागदावर व्हायला हवीत.

आता कागदाकडे येऊ, पण त्याआधी साइटकडे. फोटो आणि बिल्डरचा फ्लोअर प्लॅन बघून कोटेशन देऊ नका. स्वतः टेप घेऊन जा, आणि फ्लॅटच्या आत शिरण्याआधी खाली वॉचमनशी बोला. कामाची वेळ काय, रविवारी काम चालतं का, सामान कुठल्या लिफ्टने न्यायचं, टेम्पो आत येतो का, कामगारांना रात्री राहू देतात का, डेब्रिज (पाडकामाचा राडारोडा) किती दिवस खाली ठेवता येतं, डिपॉझिट किती. मुंबईत नफ्याचा मोठा भाग या उत्तरांवर ठरतो. बऱ्याच सोसायट्या सकाळी १० ते संध्याकाळी ६ अशी वेळ देतात आणि दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद ठेवायला लावतात. म्हणजे आवाजाच्या कामाला हातात उरतात ६ तास, आणि कारपेंटरचा रोज मात्र ८ तासांचा. तुम्ही १० दिवस धरलेलं काम इथे १३ दिवसांवर जातं. कामगारांना साइटवर राहू देत नसतील तर ते नालासोपाऱ्याहून किंवा दिव्याहून येणार, आणि लोकल रखडली की तासभर तिथेच जाणार.

हमाली तर सगळ्यात जास्त विसरली जाते. प्लायची शीट ८ फूट बाय ४ फूट असते आणि जुन्या इमारतींच्या छोट्या लिफ्टमध्ये ती मावत नाही. ती खांद्यावरून जिन्याने जाते आणि हमाल मजल्याप्रमाणे पैसे घेतो. गिरगाव-लालबागच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर रेती, सिमेंट, टाइल्स वर न्यायच्या आणि पाडलेला माल गोणीत भरून खाली आणायचा, हा खर्च एका बाथरूमच्या कामातही जाणवण्याइतका असतो. कोटेशनमध्ये ‘हमाली व वाहतूक’ आणि ‘डेब्रिज उचलणे’ या दोन स्वतंत्र ओळी ठेवा. ‘रेटमध्येच आलं’ म्हणून त्या पोटात घेतल्या, की पुढच्या साइटला तोच रेट लावताना तुमचाच गोंधळ होतो. डेब्रिजसाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. ती वापरणार की खासगी टेम्पो, हे आधीच ठरवून त्याप्रमाणे लिहा.

आता माप. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा रेटमध्ये नसतं, माप कसं धरलं यात असतं. कपाटाचा रेट आपण समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांवर देतो, म्हणजे रुंदी गुणिले उंची. ७ फूट रुंद आणि ७ फूट उंच कपाट म्हणजे ४९ चौरस फूट. त्यावर २ फुटांचा लॉफ्ट आला की आणखी १४, एकूण ६३. समजा रेट १,५०० रुपये आहे, तर लॉफ्टशिवाय ७३,५०० आणि लॉफ्टसह ९४,५००. फरक २१ हजारांचा, तोही एका बेडरूममध्ये. तुमच्या मुलुंडच्या घरात दोन बेडरूम आहेत. म्हणून आयटमच्या ओळीत ‘वॉर्डरोब’ एवढंच लिहून थांबू नका. ‘मास्टर बेडरूम वॉर्डरोब, रुंदी ७ फूट, उंची ७ फूट, खोली २ फूट, लॉफ्ट धरलेला नाही, आत ५ फळ्या, २ ड्रॉवर, १ हँगर रॉड’ असं लिहा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कपाट उभं राहिलं पाहिजे.

याच कपाटाचा माल काढून दाखवतो, कारण नव्या लोकांचा हिशेब इथे हटकून चुकतो. दोन बाजू, मधला एक उभा पार्टिशन, वरचा आणि खालचा तळ हे ५ तुकडे प्रत्येकी ७ बाय २ चे, म्हणजे ७० चौरस फूट. ५ फळ्या साडेतीन बाय २ च्या, ३५ फूट. ४ शटर (कपाटाची दारं) मिळून ४९ फूट. बेरीज १५४ चौरस फूट. शीट ३२ चौरस फुटांची, म्हणून १५४ भागिले ३२ करून कुणी ५ शीट धरतो. पण ७ बाय २ चे तुकडे एका शीटमधून दोनच निघतात, म्हणजे अडीच शीट. फळ्या एका शीटमध्ये ४, म्हणजे सव्वा शीट. पावणेदोन फुटांची शटरं एका शीटमध्ये दोन, म्हणजे २ शीट. बेरीज पावणेसहा, विकत घ्यायच्या ६. १५४ फूट वापरायला १९२ फूट प्लाय आणावा लागतो. पाठीचा ६ एमएम आणि ड्रॉवरचा १२ एमएम वेगळाच. कारपेंटरबरोबर बसून हे कटिंग कागदावर काढल्याशिवाय रेट ठरवू नका. टाइल्सचंही तसंच. सरळ लावायच्या तर ५ ते १० टक्के तूट धरा, तिरक्या लावायच्या तर त्याहून जास्त.

मालाचं वर्णन नेमकं हवं. ‘चांगल्या प्रतीचा प्लाय’ या शब्दांना व्यवहारात काही किंमत नाही. भारतीय मानकांच्या क्रमांकांत आयएस ३०३ म्हणजे साधा, बेडरूम-हॉलमध्ये चालणारा प्लाय आणि आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. दोघांच्या भावात चांगलाच फरक आहे. किचन आणि बाथरूमच्या व्हॅनिटीला (बेसिनखालच्या कपाटाला) कुठला आणि बेडरूमला कुठला, हे जाडीसकट लिहा. कंपनीचं नाव लिहीत असाल तर ‘किंवा तत्सम’ हे शब्द टाळा. तीन नावं लिहा आणि त्यांपैकी एक असं म्हणा. ज्या गोष्टींची निवड घरमालक पुढे दुकानात जाऊन करणार आहे, तिथे बेसिक रेट लिहायची आपल्याकडे रीतच आहे: ‘टाइलचा बेसिक रेट ७० रुपये चौरस फूट धरला आहे, लॅमिनेट (सनमायका) १,५०० रुपये शीट. निवडलेल्या मालाचा भाव कमी-जास्त झाल्यास फरक तेवढाच कमी-जास्त होईल.’ मग घरातल्यांना शोरूममधली १४० रुपयांची टाइल आवडली तरी तुमच्या पोटात गोळा येणार नाही आणि त्यांनाही आपण काय निवडतोय ते कळेल.

यानंतर येतो कोटेशनमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद: यात काय धरलेलं नाही. लोक हा लिहायला घाबरतात. गिऱ्हाईक बिचकेल, असं त्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. तीन कोटेशनं समोर ठेवून बसलेल्या माणसाला ज्याने हा परिच्छेद लिहिला त्याच्यावर भरवसा वाटतो, कारण बाकीच्या दोघांना काय विचारायचं ते त्याला इथून कळतं. मुलुंडच्या कामाला तो असा लिहिता आला असता:

‘या रकमेत पुढील कामं धरलेली नाहीत: सर्व लॉफ्ट, पडद्यांचे पेल्मेट व रॉड, बाल्कनीतील कोणतंही काम, पंखे, दिवे, गीझर व एसी यांची किंमत, एसीची कॉपर पाइपिंग, गाद्या व अपहोल्स्ट्री, सोसायटीचं डिपॉझिट व शुल्क. कामासाठी वीज व पाणी घरमालक पुरवतील. सोसायटीची परवानगी घरमालकांनी काम सुरू होण्याआधी घ्यावी. भिंत पाडणं किंवा कॉलम, बीम, स्लॅब यांत बदल करणं या कामात समाविष्ट नाही.’

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. फरशी, रंग, प्लास्टर यांसारख्या किरकोळ दुरुस्त्या वेगळ्या आणि भिंती हलवणं वेगळं. त्याला महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो. ‘किचनची ही भिंत जरा मागे सरकवा ना’ ही मागणी तोंडी येते, आणि उद्या खालच्या मजल्यावर तडा गेला तर सगळे तुमच्याकडे बोट दाखवतात.

बाथरूमचं काम असेल तर आणखी एक सदर लागतं: पाडल्यावर कळणाऱ्या गोष्टी. जुन्या इमारतीत लादी उचलली की खाली सडलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, उघड्या पडलेल्या सळ्या, फुटलेला नहाणी ट्रॅप, काहीही निघू शकतं. वरून कुणालाही ते दिसत नाही, तुम्हालाही नाही. इथे लमसम रक्कम देणं म्हणजे दुसऱ्याच्या घराचा धोका आपल्या अंगावर घेणं. त्याऐवजी रेट आधीच लिहून ठेवा: पाइप बदलणं रनिंग फुटाला, म्हणजे लांबीच्या फुटाला इतके, सळ्यांची दुरुस्ती चौरस फुटाला इतके, प्रत्यक्ष मापाप्रमाणे, फोटो दाखवून. आणि वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवायची चाचणी किती तासांची, हेही नमूद करा. ४८ तास धरत असाल तर ते २ दिवस वेळापत्रकात दिसले पाहिजेत, नाहीतर ‘माणसं बसून आहेत’ असा फोन येतो.

रेटचं गणित. समजा माल, मजुरी, हमाली सगळं धरून थेट खर्च ६,४०,००० आहे. त्यावर २० टक्के चढवून तुम्ही ७,६८,००० सांगता. हातात १,२८,००० दिसतात. घरमालक म्हणतात, ‘१० टक्के कमी करा, लगेच चेक देतो.’ तुम्ही हो म्हणता आणि ७६,८०० सोडून देता. उरले ५१,२००. बिल १० टक्क्यांनी कमी झालं, पण तुमची मिळकत ६० टक्क्यांनी. त्या ५१ हजारांत तुमची दोन-अडीच महिन्यांची धावपळ, रे रोडच्या लाकूड बाजारापासून लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारापर्यंतचे फेरे, फोन, आणि कामं नसलेला पुढचा महिना एवढं सगळं भागवायचंय. म्हणून स्वतःचा पगार थेट खर्चात धरा, नफ्यात नाही. सुपरवायझर ठेवला असता तर त्याला जे दिलं असतं, ते तुमच्या नावावर लिहा आणि टक्के त्यानंतर चढवा.

कमी करा म्हटल्यावर रेट कमी करू नका, काम कमी करा. ‘साडेसात लाखांत बसवायचं असेल तर हॉलचं सीलिंग फक्त कडेने करू आणि गेस्ट बेडरूमचं कपाट पुढच्या वर्षी’ असं म्हणा. रेट एका झटक्यात खाली आणलात, तर आधी जास्तच लावला होता असं समोरच्याला वाटणारच. आपल्या मराठी गिऱ्हाइकांशी बोलताना आणखी एक होतं. ओळखीतून काम आलेलं असतं, चहा-पोहे होतात, काका-काकू म्हणायला लागतो आणि मग पैशांचं लिहून घ्यायला संकोच वाटतो. ओळखीच्या कामात कागद जास्त काटेकोर करा. संबंध टिकवायचे असतील तर त्याची तिथेच जास्त गरज असते.

वेळेबद्दल लिहिताना तारीख देऊ नका, दिवस द्या: ‘पहिला हप्ता, सोसायटीची परवानगी आणि अंतिम ड्रॉइंग या तिन्ही गोष्टी हातात आल्यापासून ७५ दिवस.’ कारण दोन आठवडे लॅमिनेट न निवडल्याने गेले तरी तारीख मात्र तुमच्या नावावर राहते. कॅलेंडरही बघा. ‘गणपतीआधी घर पाहिजे’ ही मुंबईतली सगळ्यात जुनी मागणी आहे, आणि नेमके त्याच आठवड्यात तुमचे कोकणातले रंगारी आणि वायरमन गावाला निघतात. दिवाळी ते छठ उत्तरेकडचे कारपेंटर नसतात, होळीलाही तेच. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही आणि दमट हवेत पॉलिश पांढरट पडतं. हे सगळं ठाऊक असताना फेब्रुवारी आणि जुलैला एकच मुदत लिहिणं बरोबर नाही.

हप्ते दिसणाऱ्या कामाला बांधा आणि पैसा खर्चाच्या आधी हातात येईल असे पाडा. ८ लाखांचं काम असेल तर सही करताना १० टक्के, माल साइटवर यायच्या आधी ३०, कपाटांचे सांगाडे आणि सीलिंगची फ्रेम उभी राहिल्यावर २५, लॅमिनेट आणायच्या आधी २०, रंगाच्या शेवटच्या हाताआधी १०, आणि राहिलेल्या बारीकसारीक गोष्टींची यादी पूर्ण करून दिल्यावर ५ टक्के, म्हणजे ४० हजार. हा शेवटचा हप्ता तुमच्या नफ्यापेक्षा मोठा नसावा, कारण अडकतो तो हाच. कोटेशनवर ‘१५ दिवस वैध’ लिहायला विसरू नका. प्लाय, तांबं, टाइल्स यांचे भाव हलत राहतात.

वाढीव काम. ‘आता माणसं आहेतच, तेवढं करून टाका ना’ हे वाक्य प्रत्येक साइटवर येतं आणि त्यात वावगं काही नाही. कोटेशनमध्ये एक ओळ ठेवा: वाढीव काम लेखी रक्कम मान्य झाल्यावरच सुरू होईल. मग मागणी आली की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर: ‘काकू, बाल्कनीत ४ बाय ३ फुटांचं मरीन प्लायचं स्टोरेज, लॅमिनेट दोन्ही बाजूंनी, १९,२०० रुपये, कामाचे ३ दिवस वाढतील. ओके असल्यास कळवा, उद्या माल मागवतो.’ ‘ओके’ आलं की काम. दर शनिवारी त्या आठवड्याच्या वाढीव कामांची एकत्र यादी पाठवा. शेवटी एकदम सव्वा लाखाचं एक्स्ट्रा बिल हातात ठेवलं, तर कुणीही भडकेल.

सविस्तर कोटेशन फुकट द्यायचं का, असं खूप जण विचारतात. मी दोन टप्पे करतो. पहिली भेट आणि एका पानाचा अंदाज, ‘७ ते साडेआठ लाखांच्या दरम्यान जाईल’ असा, फुकट. मापं, आयटमवार यादी आणि ड्रॉइंग पाहिजे असेल तर त्याची फी, आणि काम मला दिलं तर ती बिलात वळती. नाहीतर तुमची तयार यादी घेऊन लोक इतरांकडून फक्त रेट भरून आणतात.

ऑफिस किंवा क्लिनिकचं काम असेल तर पहिल्या पानावर रकमेच्या आधी त्यांची अडचण लिहा. पार्ल्यातल्या दातांच्या डॉक्टरला तुमच्या लॅमिनेटपेक्षा ओपीडी किती दिवस बंद राहणार, कॉम्प्रेसरचा आवाज वेटिंग रूममध्ये येईल का आणि खुर्चीखालची पाण्याची लाइन कशी जाणार, याची काळजी असते. ‘काम रात्री आणि रविवारी, ओपीडी जास्तीत जास्त ४ दिवस बंद’ एवढ्या एका ओळीवर काम मिळतं. रात्रपाळीची मजुरी आणि त्या वेळी काम करू द्यायची इमारतीची परवानगी मात्र त्यात धरलेली हवी.

कराचं पटकन सांगतो. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि तुमच्या धंद्यात दोन-तीन फ्लॅटमध्येच तो आकडा पार होतो. माल आणि मजुरी मिळून घेतलेल्या इंटिरियरच्या कामावर १८ टक्के लागतो. ८ लाखांवर १,४४,०००. घरमालकाला हा कर कुठून परत मिळत नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने किंमत ९,४४,००० आहे. तो आकडा पहिल्याच पानावर द्या, शेवटी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ नको. कंपनीचं काम असेल तर ते टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी वळता केलेला आयकर, कापतील, एकट्याच्या नावावर धंदा असेल तर १ टक्का. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, जरूर करा. ४५ दिवसांत पैसे देण्याची तरतूद लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे, पण माल-मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटांना तो लागू होतो की नाही यावर कोर्टात वाद झालेले आहेत, त्यामुळे भिस्त हप्त्यांवरच ठेवा.

राहिलं मुलुंडचं सध्याचं काम. ते सोडून जाऊ नका आणि घरमालकांना फोनवरही काही बोलू नका. रविवारी वेळ घेऊन घरी जा, दोघं मिळून मापं घ्या. एका कागदाला दोन रकाने करा: ९ लाखांत मी काय धरलं होतं, आणि आता काय जास्तीचं मागितलं जातंय. प्रत्येक जास्तीच्या कामापुढे माल किती आणि मजुरी किती हे वेगळं दाखवा. लॉफ्टचा माल त्यांचा, मजुरी तुमची, अशी तोड निघू शकते. पेल्मेट तुम्ही अंगावर घ्या, खर्च थोडा आहे आणि तुमच्या ‘सगळं’ शब्दाला काहीतरी मान द्यावा लागेल. बाल्कनीचे मात्र पूर्ण पैसे मागा, ती ‘फर्निचर, सीलिंग, रंग, इलेक्ट्रिक’ यांपैकी कशातही ओढून-ताणूनच बसते. खाली उरलेल्या पैशांचे हप्ते लिहा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. सही होईपर्यंत लॉफ्टला हात लावू नका. कारपेंटरला तोवर दुसऱ्या बेडरूमच्या शटरांवर लावा, ते काम ठरलेल्यातलंच आहे.